दीर्घ श्वास घेतला आणि चक्कर आली

ताई,

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यास करते, म्हणजे खरंच करते. वाचून वाचून पुस्तकाची पानं सुटी झालीत. पण पेपर हातात पडला की डोकं ब्लँक. गेल्या सेमिस्टरला पहिला प्रश्न तीनदा वाचला. शब्द दिसत होते, अर्थ लागत नव्हता. हाताला इतका घाम आला की उत्तरपत्रिका ओली झाली, शाई फिसकटली. हॉलमधून बाहेर पडले आणि जिना उतरता उतरता सगळं आठवलं, अगदी आकृतीसकट.

यूट्यूबवर बघून दीर्घ श्वास घ्यायला गेले तर चक्करच यायला लागली, बोटांना मुंग्या आल्या. ध्यानाचं एक अ‍ॅप घेतलं. त्यातला आवाज 'शांत व्हा' म्हणाला की मला आणखीच चिडायला होतं. आई म्हणते, टेन्शन घेऊ नकोस. जणू मी ते दुकानातून विकत आणते. पाच आठवड्यांनी परीक्षा आहे. रिलॅक्स होणं जमतच नाही असे काही लोक असतात का? की माझंच काही बिघडलंय?

– ओली उत्तरपत्रिका

*

प्रिय ओल्या उत्तरपत्रिके,

टोपणनाव झकास घेतलंस. एवढं सुचतंय म्हणजे डोकं जागेवर आहे.

चक्करेपासून सुरुवात करते, कारण 'मला जमतच नाही' हा निष्कर्ष तू तिच्यावरून काढलेला दिसतोय. आणि चक्कर आली ती सांगितलेलं जरा जास्तच मनापासून केलंस म्हणून.

'दीर्घ श्वास घे' हा अर्धवट सल्ला आहे. घाबरलेला माणूस तो ऐकतो आणि छाती फुगवून भराभर हवा आत ओढतो. बाकावर बसलेल्या शरीराला एवढी हवा लागतच नाही. जास्तीच्या श्वासांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत जातो. शाळेत आपण त्याला टाकाऊ वायू म्हणून मोकळे झालो, पण तो रक्तात ठरावीक प्रमाणात असावाच लागतो. कमी झाला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, ओठांना नि बोटांना मुंग्या येतात, आणि गंमत म्हणजे श्वास पुरत नाहीये असं वाटायला लागतं. मग माणूस आणखी जोरात श्वास घेतो. पुढचं तू अनुभवलंच आहेस.

शांत करतो तो सोडलेला श्वास. आत्ता करून बघ. डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवून नाडी शोध आणि नेहमीपेक्षा जरा सावकाश श्वास घे, सोड. आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांब पडतात. तुझ्या वयात हा फरक बहुतेकांच्या बोटाला कळतो. हृदयाला लगाम घालणारी व्हेगस नावाची नस आहे, तिचा लगाम श्वास सोडताना घट्ट होतो. म्हणून सोडणं लांबवायचं, घेणं नाही.

नाकाने चार आकडे मोजत श्वास घे, पण पाऊणच. छाती गच्च भरायची नाही. मग ओठांचा चंबू करून सहा आकड्यांत सोड. मेणबत्तीची ज्योत हलावी पण विझू नये, इतकी हलकी फुंकर. असे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. एक हात पोटावर ठेव. हललं तर पोट हलू दे, खांदे जागेवर. डोकं हलकं वाटलं तर समजायचं की भरणं जास्त होतंय, लगेच श्वास लहान कर. दिवसातून एकदा पाच मिनिटं पुरे. जास्त करून काही बक्षीस मिळत नाही.

आता मला एक सांग, हे सगळं तू पहिल्यांदा कधी करून पाहिलंस? पत्रात लिहिलं नाहीस, पण मी पैज लावते की पेपरच्या दिवशी, नाहीतर फार तर आदल्या रात्री. तहान लागल्यावर विहीर खणायला बसलीस आणि पाणी लागलं नाही म्हणून जमिनीला दोष देते आहेस. अंग सैल सोडणं ही सायकल चालवण्यासारखी शिकायची गोष्ट आहे. सायकल कोणी भर रहदारीत शिकत नाही. आधी मोकळं मैदान, मग गल्ली, मग रस्ता. तुझ्याकडे पाच आठवडे आहेत. तेवढे पुरतात, पण त्याहून फार जास्तही नाहीत, तेव्हा आजच सुरुवात.

मी बरीच वर्षं कॉलेजात शिकवलं, म्हणजे बरीच वर्षं सुपरव्हिजनही केलं. हॉलमध्ये तीन तास फेऱ्या मारताना दुसरं काही करता येत नाही, माणूस मुलांकडे बघत राहतो. पेपर वाटल्यावर पाच मिनिटांत सगळ्या हॉलचे खांदे वर जातात. काहींचे तर कानाला टेकायला येतात. दात आवळलेले, बाकाखाली एक पाय शिलाई मशीनसारखा चाललेला. एक मुलगा पेन इतकं घट्ट धरायचा की नखं पांढरी पडायची आणि लिहिलेलं अक्षर पानाच्या मागून बोटाला लागायचं. तासाभराने हात झटकत बसायचा. एकदा पुरवणी देताना मी न बोलता त्याच्या खांद्याकडे बोट केलं. तो दचकलाच. खांदा वर गेलाय याचा त्याला पत्ताच नव्हता. खाली आणला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य आलं, ते मला अजून दिसतं.

नेमकी हीच गोष्ट एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी पकडली होती. १९२९ साली त्यांनी आपली पद्धत पुस्तकात मांडली. त्यांचं म्हणणं असं की बहुतेक माणसांना आपला स्नायू ताणलेला आहे हेच कळत नसतं, आणि जे कळत नाही ते सोडणार कसं? म्हणून आधी मुद्दाम ताणायचं, मग सोडायचं, आणि दोन्हींतला फरक ओळखायला शिकायचं. तुझ्या अ‍ॅपमधला तो आवाज 'शांत व्हा' म्हणतो तेव्हा तो परिणाम सांगतो, कृती सांगत नाही. चिडलीस ते बरोबरच केलंस.

आज रात्री फक्त उजवा हात. खुर्चीवर बस, पलंगावर नको. पलंगावर झोप लागेल, आणि परीक्षा काही आडवं पडून द्यायची नाहीये. मूठ आवळ, पूर्ण ताकदीने नाही, पाऊण. सात सेकंद तशीच धर आणि लक्ष हाताकडे दे: बोटांची पेरं, तळव्यात रुतणारी नखं, मनगटापासून कोपरापर्यंत चढलेला ताठा, मुठीची बारीक थरथर. मग एकदम सोड. हळूहळू उघडू नकोस. दोरी कापल्यावर बाहुलीचा हात पडावा तसा मांडीवर पडू दे. आता वीस-पंचवीस सेकंद काही करायचं नाही. बघत राहा. बोटं आपोआप थोडी वळलेली राहतील, हात जड वाटेल, कदाचित ऊब येईल. मग डाव्या हाताकडे लक्ष ने, त्याच्याशी ताडून बघ. दोन्ही हात सारखे वाटत नाहीत ना? हा फरक जाणवणं म्हणजेच अर्धी विद्या.

उद्यापासून सगळं अंग. दोन्ही मुठी. मग कोपरात हात वाकवून दंड. भुवया वर चढवून कपाळ. डोळे मिटून नाक आक्रसायचं (हे आरशासमोर करू नकोस, हसू येतं). दातावर दात, पण हलकेच. खांदे कानापर्यंत. पोट आत. मांड्या आवळायच्या. पावलं स्वतःकडे ओढून पोटऱ्या, इथे जोर कमी, नाहीतर पेटके येतील. शेवटी पायाची बोटं मुडपून तळवे. प्रत्येक ठिकाणी सात सेकंद ताण, पंचवीस सेकंद सैल. साधारण पाऊण-एक तास लागेल अशी भीती वाटत असेल, तर पंधरा मिनिटंही लागत नाहीत. मान किंवा पाठ दुखत असेल, जुनी दुखापत असेल तर तो भाग ताणायचाच नाही, नुसता सोडायचा.

आता तुझ्या मनातला प्रश्न: परीक्षेच्या हॉलमध्ये मी काय पंधरा मिनिटं नाक आक्रसत बसू? नाही. इथे स्वीडनचे लार्स-ग्योरान ओस्ट हे मानसशास्त्रज्ञ मदतीला येतात. जेकबसनची मूळ पद्धत फार लांबलचक होती, शिकायलाच महिने जायचे. ओस्ट यांनी १९८७ साली मांडलेल्या पद्धतीत हाच सराव पायरी-पायरीने आखडत न्यायचा असतो, इतका की शेवटी वीस-तीस सेकंदांत अंग सैल सोडता यावं. तुझ्या पाच आठवड्यांत ते असं बसेल.

पहिला आठवडा ताण-सोड, दिवसातून दोनदा. दुसऱ्या आठवड्यात ताणणं बंद. डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवत नुसतं सोडत जायचं. आता तुला सैल कसं लागतं हे ठाऊक असेल, त्यामुळे पाच-सात मिनिटांत होतं. तिसऱ्या आठवड्यात अंग सैल झाल्यावर प्रत्येक सोडलेल्या श्वासाबरोबर मनात एक शब्द म्हणायचा. 'सैल' म्हण, 'सोड' म्हण, काहीही चालेल, पण रोज तोच. 'शांत' तुला चिडवतो, तेव्हा तो सोडून. शब्दाची आणि सैल अंगाची गाठ पडायला हवी, म्हणून अंग आधी सैल आणि शब्द नंतर. उलटं करून शब्दाने जादू होईल अशी वाट बघत बसू नकोस.

चौथा आठवडा सगळ्यात मजेचा आणि मुलं नेमका हाच गाळतात. काम करता करता सैल राहायचं. लिहायला हात लागतो, जबडा लागत नाही. उभं राहायला पाय लागतात, कपाळ लागत नाही. तेव्हा लिहिताना, चालताना, रांगेत उभी असताना स्वतःला विचार: आत्ताच्या कामाला न लागणारं काय आवळून धरलंय? तेवढं सोड. पेनचं तर वेगळंच. एखादं पान मुद्दाम इतकं हलकं धरून लिही की कोणी ओढलं तर पेन हातातून निघून येईल. अक्षर थोडं बिघडेल, दोन दिवसांनी सुधारेल, आणि तीन तासांच्या पेपरनंतर मनगट तुझे आभार मानेल. पाचव्या आठवड्यात फोनच्या मागे एक रंगीत ठिपका चिकटव. तो दिसला की एक लांब सोडलेला श्वास, तुझा शब्द, खांदे खाली, वीस सेकंद. दिवसातून पंधरा-वीस वेळा सहज होईल. फोन तू किती वेळा उचलतेस ते मी विचारत नाही.

डोळे मिटून बसलं की उलट अस्वस्थ वाटतं, धडधड वाढते, असंही काही जणांना होतं. बिचकू नकोस, माहीत असलेली गोष्ट आहे. डोळे उघडे ठेव, जमिनीवरच्या एका जागेकडे बघ, वेळ कमी कर. बहुतेकांचं काही दिवसांत निवळतं. नाहीच निवळलं तर भरभर चालून आल्यावर कर. दमलेलं अंग सोडायला सोपं असतं.

अंगाचं एवढं पुरे. कारण तुझं मार्कांचं नुकसान अंगाने कमीच केलंय, ते केलंय डोक्यातल्या बडबडीने. लीबर्ट आणि मॉरिस या संशोधकांनी १९६७ साली परीक्षेच्या भीतीचे दोन भाग वेगळे काढले: एक शरीराची खळबळ, म्हणजे धडधड, घाम, पोटात गोळा, दुसरी चिंता, म्हणजे 'आता नापास होणार, घरी काय सांगू, शेजारची तर दुसरी पुरवणी मागतेय'. त्यानंतरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा हेच दिसत आलंय की मार्क खाते ती मुख्यतः चिंता. कारणही कळण्यासारखं आहे. गणित सोडवताना, उत्तर जुळवताना ज्या जागेत आपण दोन-चार गोष्टी एकदम धरून ठेवतो, ती जागा फार थोडी असते. तिथेच चिंता येऊन ठाण मांडते. तुझं पाठांतर कुठे गेलं नव्हतं, त्याला बसायला जागा नव्हती. जिन्यात जागा रिकामी झाली आणि ते आलं, आकृतीसकट.

मग या बडबडीचं काय करायचं? दाबायची नाही, ती दाबल्याने उसळते. कागदावर काढायची. शिकागो विद्यापीठातल्या जेरार्डो रामिरेझ आणि सियान बायलॉक यांनी २०११ साली प्रयोग केला: परीक्षेच्या लगेच आधी दहा मिनिटं मुलांना परीक्षेबद्दल मनात जे येतंय ते लिहायला लावलं. जे आधीपासून जास्त घाबरायचे, त्यांना त्याचा फायदा झाला. अर्थात सगळ्यांनाच होईल असं नाही, तेव्हा तू आधी घरच्या सराव पेपरवर करून बघ. लिहिताना सकारात्मक वगैरे व्हायला जाऊ नकोस. 'मला वाटतंय मी सेकंड युनिट विसरणार आणि सगळ्यांना कळणार की माझा अभ्यास नुसता दिखावा होता' असलं खरंखुरं, फाडून टाकण्यालायक लिही. आणि मग खरंच फाडून टाक. हॉलच्या दारात शेवटच्या क्षणी जो घोळका 'हे वाचलंस का, ते येणार आहे' करत असतो, त्याच्यापासून हा कागद तुला लांबही ठेवेल. तो घोळका म्हणजे साथीचा रोग आहे. मी त्याला हॉलच्या दारातून वर्षानुवर्षं पसरताना पाहिलंय.

आणखी एक, धडधड शून्यावर आणायची हट्टाने मागणी करू नकोस. थोडी धडधड कामाचीच असते. शरीर तुला इंधन पुरवतंय, फक्त जरा उदार हाताने. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ सालच्या प्रयोगांत, 'मी शांत आहे' असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा 'मला हुरूप आलाय' असं म्हणणाऱ्यांनी बोलण्यात नि गणितात बरी कामगिरी केली. पटायला सोपं आहे. धडधडत्या छातीला 'तू शांत आहेस' म्हणणं हे उघड खोटं, 'तू सज्ज आहेस' हे निदान शक्य कोटीतलं.

आता जरा कान धरते. पुस्तकाची पानं सुटी झाली म्हणालीस. वाचून ना? पुस्तक मिटून किती वेळा लिहिलंस? चौथ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचा वाटणं म्हणजे येणं अशी आपली समजूत होते. परीक्षेत ओळखायचं नसतं, रिकाम्या पानावर स्वतःहून काढायचं असतं, आणि त्याचा सराव तू केलेलाच नाहीस. टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की नुसतं पुन्हा पुन्हा वाचून शिकलेलं ताणाखाली ढासळतं, पण न बघता आठवून आठवून शिकलेलं ताणातही बऱ्यापैकी टिकतं. मी हे इतकं ठासून सांगतेय कारण रिलॅक्सेशनने भीती उतरते, पण पोर्शन भरून निघत नाही. नुसतं अंग सैल करायला शिकलेल्यांची भीती कमी झाली, मार्क मात्र जेमतेम हलले, असंच बहुतेक वेळा दिसतं. दोन्ही एकत्र केलं की मार्कही हलतात.

म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून दर रविवारी घरात एक खोटी परीक्षा घे. जोसेफ वोल्पी या मनोविकारतज्ज्ञांनी १९५८ साली भीतीवर एक उपाय मांडला होता: भीतीच्या गोष्टींची सोप्यापासून अवघडापर्यंत शिडी करायची, अंग सैल ठेवून एकेक पायरी मनात आणायची, आणि ती पायरी भीतीशिवाय पार झाल्यावरच पुढची. तुझी शिडी तूच कर. वेळापत्रक लागणं, आदली रात्र, हॉलबाहेरची गर्दी, बेल, पेपर हातात येणं, पहिला प्रश्न अनोळखी निघणं. रोज रात्री सरावानंतर एक पायरी डोळ्यांसमोर आण, खांदे वर जायला लागले की चित्र पुसून टाक, आधी खांदे खाली, मग पुन्हा. आणि रविवारी खरा जुना पेपर, कडक खुर्ची, टेबलावर घड्याळ, फोन दुसऱ्या खोलीत, पूर्ण वेळ. मुद्दाम असा पेपर निवड ज्यातला पहिला प्रश्न तुला येत नाही. ब्लँक व्हायची प्रॅक्टिसही घरीच झालेली बरी.

मग प्रत्यक्ष हॉल. समजा तिथेही डोकं ब्लँक झालंच. पेन खाली ठेव. हे कठीण वाटतं, कारण सगळे लिहीत असतात, पण एकशे ऐंशी मिनिटांतलं एक मिनिट तुझ्या मालकीचं आहे. दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकव. एक लांब फुंकर बाकाकडे, तुझा शब्द, खांदे खाली, जबडा सुटा. दुसरी फुंकर. तोच प्रश्न चौथ्यांदा वाचू नकोस. पान उलट आणि सगळ्यात सोपा प्रश्न शोध, तो सातवा असला तरी क्रमांक नीट घालून तिथून सुरू कर. हात चालू लागला की डोकं मागून येतं. मधेच पहिल्या प्रश्नातलं काही आठवलं तर शेवटच्या पानावर कच्च्या कामात दोन शब्द टिपून ठेव. ब्लँक होणं पाच-दहा मिनिटं टिकतं. ते तीन तास टिकलं असं वाटतं, कारण आपण त्या वेळात त्याच्याशी मारामारी करत बसतो.

झोपेबद्दल तुला माहीत आहे आणि तू ऐकणार नाहीस, तरी सांगते: आदल्या रात्री झोप. कॉफी पीत असशील तर संध्याकाळनंतर नको, पोटात गेलेल्या कॅफिनचं निम्मं प्रमाण पाच-एक तासांनीही अंगात असतं. आणि पेपरच्या सकाळी नेहमीपेक्षा जास्तही नको. कॉफीची धडधड आणि भीतीची धडधड यांतला फरक त्या वेळी कोणालाच कळत नाही.

'माझं काही बिघडलंय का' याचं उत्तर पत्रावरून तरी नाही असंच देईन. पण परीक्षा नसतानाही एकाएकी छाती भरून येत असेल, आठवडे झोप नसेल, भीतीने पेपरच बुडवले जात असतील, तर कॉलेजच्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जा. या पत्रातलं सगळं ते समोर बसवून शिकवतात आणि चुकतंय कुठे हे त्यांना दिसतं, मला दिसत नाही. आणि कधी जगणंच नकोसं वाटलं, तर परीक्षेची वाट न बघता त्याच दिवशी घरातल्या एका माणसाला सांग आणि लगेच डॉक्टर गाठ.

आईवर रागावू नकोस. 'टेन्शन घेऊ नकोस' म्हणणाऱ्या माणसाला बहुधा मदत करायची असते आणि काय करावं ते सुचत नसतं. तिला काम दे. ताण-सोडचा क्रम कागदावर लिही, तो तिला सावकाश वाचायला लाव आणि फोनवर रेकॉर्ड कर: 'उजवी मूठ आवळ… सोड.' मधले पंचवीस सेकंद तिला गप्प बसायला लागेल, तेवढं तिला आधी सांगून ठेव. अ‍ॅपमधल्या त्या बाईपेक्षा हा आवाज तुला नक्की कमी चिडवेल. निदान चिडलीस तर ती जुनी ओळखीची चीड असेल.

हो, आणि शाईचं राहिलंच. तळहाताला घाम नसांच्या इशाऱ्यावर येतो, हवा थंड असली तरी येतो, आणि तो सगळ्यात शेवटी ऐकतो. तेव्हा त्याच्याशी भांडू नकोस. जेल पेन सोड, साधं बॉलपेन घे, ओल्या हाताखालीही ते कमी पसरतं. सुती रुमाल मांडीवर ठेव. लिहिणाऱ्या हाताखाली एक कोरा कागद घडी करून ठेवता येतो, फक्त पेपर सुरू व्हायच्या आधी सुपरवायझरना दाखवून विचारून घे. मला विचारलं असतंस तर मी दोन दिले असते.

– ताई